नव्या वर्षासाठी थांबलेली कवळी

मित्रांनो, हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मी एक जुनी कवळी आहे. दाताच्या डॉक्टरांनी काकूंच्या हिरड्यांचं माप घेऊन मला घडवलं, तेव्हा मी गुलाबी, गुळगुळीत आणि जराशी गर्विष्ठही होते.

काकू शिवणकाम करायच्या. दोरा दातांनी तोडता तोडता त्यांचे दात झिजले आणि शेवटी सगळे काढावे लागले. काका घड्याळं दुरुस्त करायचे. पण मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. त्यांची पुतणी करसल्लागार होती. ती म्हणाली, "काकू, उपचाराचे पैसे ज्या वर्षी भराल, त्याच वर्षी करातून वजावट मिळते. तीही खर्च ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच. काकांचं ऑपरेशन नव्या वर्षात आहे. कवळीचे पैसेही तेव्हाच भरा, म्हणजे दोन्ही खर्च एकत्र धरता येतील."

डॉक्टर म्हणाले, "कवळी आजच न्या, पैसे सावकाश द्या." पण उधारी म्हटलं की काकूंच्या अंगावर काटा यायचा. "राहू द्या हो. यांना दिसतंय कुठे? दात लावून मिरवू कोणासमोर?" असं म्हणून त्या निघून गेल्या. मी दवाखान्याच्या कपाटात पडून राहिले.

नवं वर्ष लागलं, काकांचं ऑपरेशन झालं आणि तिघंही मला न्यायला आले. डॉक्टरांनी मला काकूंच्या तोंडात बसवलं. मी लटपटले! काकू बोलायला गेल्या, तर मी खडखड वाजले.

"दात काढल्यावर हिरड्या आकसतात," डॉक्टर म्हणाले.

दिव्याच्या उजेडात काका काकूंकडे पाहतच राहिले. "अगं, केवढी वाळलीस! जेवत नव्हतीस का?"

"पातळ काहीतरी घ्यायची. तुम्हाला चमच्याचा आवाज यायचा, तेवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं."

पुतणीचा चेहरा उतरला. "मी पैशांचंच बघत बसले, काकू. तुम्ही खाता काय, हे विचारलंच नाही."

डॉक्टरांनी मला आतून नवं अस्तर लावलं. वजावटही रीतसर मिळाली. पण अंगावर पुन्हा मूठभर मांस चढायला काकूंना पुढचा उन्हाळा उजाडला.

आता काकूंकडे नवी कवळी आहे आणि मी डबीत असते. मित्रांनो, कराचा हिशेब जरूर करा. पण तुमच्या घरात कोणी "मला भूक नाही" म्हणून पानावरून उठत असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि त्याला जरा तोंड उघडायला सांगा.