ब्लँकेटवरचा चेहरा

शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या छापखान्यात नीलांबरीमावशींनी पहिला कागद उचलला आणि चष्मा सारखा करून पुन्हा पाहिला. पोस्टरवर युसेबियो हसत होता. पण त्याच्या खांद्यामागून आणखी एक चेहरा, धुक्यातून यावा तसा, बघत होता. जाड मिशा, किंचित वाकडा टाय. रुफिनो!

रुफिनो वारला त्याला तीन आठवडे झाले होते.

"घाबरू नका, मावशी," मशीन चालवणारा खुद्द युसेबियो म्हणाला. गिऱ्हाइकं मावशी म्हणत, म्हणून हा मेक्सिकन कामगारही मावशीच म्हणे. "कागदावर शाई उमटवणारं रबराचं ब्लँकेट जुनं झालंय. आधीचं काम त्यात बसून राहतं."

ते खरंच होतं. एप्रिलमध्ये याच मशीनवर रुफिनोची पोस्टरं छापली होती. दोघं मेक्सिकोतल्या एकाच गावचे, शिकागोत एकाच खोलीत राहणारे, आणि तिथल्या २००७ सालच्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीसाठी एकाच पक्षाचं तिकीट मागणारे.

"तुझं नाक मावायला दोन पोस्टरं जोडावी लागतील," रुफिनो चिडवायचा.

"आणि तुझं भाषण ऐकायला गावातली गाढवं तेवढी थांबतील," हा उलटून बोलायचा.

मग रुफिनोचे कागद मुदतीत पोहोचले नाहीत म्हणून पक्षानं त्याचं नाव कापलं. दाद मागायला तो एकटाच गाडी काढून गावाकडे निघाला आणि टेक्सासात चाक हातात असताना त्याला डुलकी लागली. तिकीट युसेबियोला मिळालं. परवा तो ही पोस्टरं घेऊन निघणार होता.

त्यानं ब्लँकेट पुसलं. चेहरा आला. पुन्हा घासून पुसलं. मिशा गेल्या, डोळे राहिले.

"नवं लाव," मावशी म्हणाल्या.

नव्या ब्लँकेटवरून कागद स्वच्छ निघाला.

"गेला बाई एकदाचा!"

युसेबियोनं कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "कुठं गेला, मावशी? हा काय, बघतोय की."

कागदावर काहीच नव्हतं.

"कागद पाठव म्हणून पक्षाचं पत्र आलं होतं," तो हळूच म्हणाला. "दुकानाच्या पत्त्यावर. त्याच्या नावाचं."

मावशींना आठवलं. ते पाकीट त्यांनीच याच्या हातात दिलं होतं. एकाच खोलीत राहता ना, दे त्याला, असं म्हणून.

"मी चार दिवस खिशात ठेवलं. मुदत टळेपर्यंत. चारच दिवस, मावशी."

मावशींनी मशीन बंद केलं. भर दुपारी दुकान एकदम मुकं झालं.

"त्याच्या बायकोला ठाऊक आहे?"

"नाही. माझ्यासाठी मतं मागत ती दारोदार फिरतेय. म्हणते, तू निवडून आलास तर त्यालाही बरं वाटेल."

मावशींनी फोन त्याच्यापुढे सरकवला. "आधी तिला सांग. मग छापायचं की नाही ते ठरव."

त्यानं नंबर फिरवला. पलीकडून रुफिनोची बायको स्पॅनिशमध्ये उत्साहानं भरभर बोलू लागली. मावशींना त्यातली युसेबियो आणि रुफिनो ही दोन नावं तेवढी कळली, एकामागोमाग एक, जोडीनं.

युसेबियोनं तिला मध्येच थांबवलं.