शेंडेनक्षत्राला अभय

मनुबाई रोज सकाळी अंगणात उभ्या राहून सूर्याला तांब्याभर पाणी वाहायच्या. आजवर त्यापोटी कधी काही मागितलं नव्हतं. या चैत्रात मात्र त्यांनी पहिल्यांदाच मागणं केलं, "देवा, त्याला जाळू नगंस. निदान धोंडुबाईच्या लेकाला हळद लागंस्तवर तरी."

'त्याला' म्हणजे शेंडेनक्षत्राला, धूमकेतूला. ते सूर्याला अगदी चाटून जाणार, असली बहुतेक तिथंच विरघळतात, पण वाचलं तर संध्याकाळी शेपटीसकट दिसेल, असं सांगलीच्या शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीनं, शिवांजलीनं, फोनवर सांगितलं होतं.

दीड वर्षामागं या शिवांजलीची सुपारी धोंडुबाईंच्याच लेकाशी फुटली, आणि त्याच आठवड्यात पश्चिमेला असंच एक उगवलं. धोंडुबाईंनी तेवढंच धरलं. "पोरगी अपशकुनी हाय," म्हणत लग्न मोडलं. खरं तर त्यांना बागायतदाराचं मोठं स्थळ खुणावत होतं. पण गावभर बदनाम झाली ती मनुबाईंची लेक. तेव्हापासून आलेलं प्रत्येक स्थळ चहा पिऊन जायचं ते पुन्हा फिरकायचं नाही. म्हणून मनुबाईंना त्याच लेकाच्या या लग्नात शेंडेनक्षत्र आभाळात हवं होतं. साऱ्यांदेखत त्याच्याकडं बोट करून, आता ही सूनही अपशकुनी का, असं विचारायचं होतं.

हळदीच्या सकाळीच फोन आला. "आई, संपलं गं ते. सूर्यामागं गेलं, ते बाहेर आलंच नाही."

मनुबाईंनी पाणी वाहिलं, पण मान वर केली नाही.

कोरेगावच्या कार्यालयात धोंडुबाई नुसत्या फुलून आल्या होत्या. "सूर्यनारायणानं गिळलं बगा इघ्न! माझ्या सूनबाईचा पायगुणच लय मोठा."

"व्हय आक्का," मनुबाई हळूच म्हणाल्या, "मग माझ्या पोरीच्या वेळंला सूर्य कुटं गेलता?"

हळद लावणारे हात थबकले. नवरीची आई पुढं सरकली. "कुनाची पोरगी? आमाला तर सांगितलं, पयलंच स्थळ हाय म्हणून."

"सांगा की आक्का. न्हाईतर मी सांगते, सुपारी फुटल्यापास्नं."

"आवं मनुताई, शुभकार्यात कशाला..."

"शुभकार्य आमचंबी हुतं."

मनुबाई जागच्या हलल्या नाहीत, आवाज चढवला नाही. वाटीतली हळद बोटानं कालवत नुसत्या बघत राहिल्या. विहीणबाईही बघत होत्या.

"पोरीत खोट न्हवती," धोंडुबाई अखेर पुटपुटल्या. "शेंडेनक्षत्राचं निमित्त केलं आमी."

"जरा मोठ्यानं," मनुबाई म्हणाल्या. "मागच्या बायांना ऐकू न्हाई गेलं."