छाती गप्प झाली

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. शांतिबाबाने सहा आठवड्यांच्या पोरीच्या छातीवर माईक टेकवला. तीन दिवसांपूर्वी हिच्याच छातीतून या माईकवर 'फुस्स, फुस्स' असा आवाज निघाला होता, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा. आज कर्णा गप्प.

"साप होता साप! मुळासकट ओढून काढला!" बाबा गरजला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पोरीचा बाप प्लंबर. त्याने टाळी वाजवली नाही. पोरगी राखेसारखी फिकट पडली होती, तळपाय गार, दूध ओढायचंही त्राण नव्हतं. हृदयाची झडप चिकटलीय, नळी घालून फुग्याने उघडावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा घरदार घाबरून इकडे धावलं होतं.

"आधी बरे झालेले कुठायत हो, आजी?" त्याने शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"बरी झालेली माणसं परत कशाला येतील, लेका?"

नळाचा अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह शिट्टी मारतो, हा त्याचा रोजचा धंदा. शिट्टी थांबते ती व्हॉल्व्ह उघडला म्हणून, नाहीतर मागची मोटर बसली म्हणून. इथे व्हॉल्व्ह उघडलाय कुणी?

त्याने पोरीला उचललं.

"अहो, बाबांचा शाप लागेल!" बायको रडकुंडीला आली.

"लागू दे. चल आधी!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि ओरडूनच माणसं गोळा केली.

"पण आवाज गेला ना, बाई?" आईने विचारलं.

"रक्त ढकलायला जोरच उरला नाही, मग आवाज येईल कुठून? आजचा दिवस काढला नसता हिने!"

मांडीच्या रक्तवाहिनीतून सुतळीहून बारीक नळी हृदयात गेली. टोकाचा फुगा झडपेत फुगला, झडप मोकळी झाली. संध्याकाळी पोरीच्या ओठांवर रंग आला. "आयुष्यभर तपासत राहावं लागेल," बाई म्हणाल्या. "पण आयुष्य आहे."

दुसऱ्या दिवशी प्लंबर सभागृहात गेला. माईकखाली नवं लेकरू होतं आणि कर्णा आजही गप्प होता.

"ताई, आवाज गेला म्हणजे लेकरू चाललंय! दवाखान्यात पळा!" तो लेकराच्या आईला ओरडून म्हणाला.

"हाकला रे या नास्तिकाला!" बाबा किंचाळला. चार जणांनी प्लंबरला दारापर्यंत फरफटत नेलं. तेवढ्यात त्या आईने लेकरू छातीशी धरलं आणि ती गर्दी कापत निघाली.

लोकहो, छातीत साप नसतो. झडप असते, आणि ती मंत्राने उघडत नाही. हात जोडायचे तर जोडा, पण डोकं गहाण टाकू नका. तुमच्या टाळ्यांच्या गजरात लेकरं मरतायत.