थोरल्याचं वजन

गाडी ड्रायव्हरच्या बाजूला झुकली होती. फार नाही, दोनच बोटं. रस्त्याने जाणाऱ्याच्या लक्षातही आलं नसतं. पण धाकट्याच्या आलं आणि त्याचं डोकंच फिरलं, कारण त्या गाडीखाली झुकण्यासारखं जुनं काही उरलंच नव्हतं.

धाकटा म्हणजे कोणी कोवळं पोर नव्हे हं. पन्नाशी कधीच मागे पडलेली, गुडघे कुरकुरणारे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पण गॅरेजात दोघे भाऊ, मोठ्याला सगळे थोरला म्हणत, म्हणून हा आपोआप धाकटा. गेल्या वर्षी थोरला छातीच्या दुखण्याने गेला, तरी याचं नाव काही बदललं नाही.

गाडी थोरल्याची. दोन दारांची, दोनच सीटची, लांब नाकाची बसकी स्पोर्ट्स कार. तरुणपणी त्याने ती कुणाच्या तरी परसातून उचलून आणली होती आणि त्यानंतर जन्मभर तिचे लाड केले होते. लेकीलासुद्धा त्याने कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "मी आहे तोवर नाही," एवढंच म्हणायचा आणि विषय संपवायचा. लेकीचं लाडाचं नाव भिंगरी. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. आता तिला घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली होती आणि रविवारी निघायचं होतं. तिने काकाला स्पष्ट सांगितलं, "बाबांची गाडी घेऊन जाणार. दुसरी नको. तू तयार करून दे."

पोरगी एकटी घाट उतरणार होती. वहिनी रात्रंदिवस त्याच काळजीत होती. धाकट्याने तिला शब्द दिला, "वहिनी, गाडी खालून नवी करून देतो. केसाइतकी इकडेतिकडे जाणार नाही." शब्द दिला तो दिलाच. आणि आता ही बया दोन बोटं झुकून उभी.

महिनाभर तो तिच्याखाली आडवा होता. कोणे एके काळी कुणीतरी तळाला डांबरासारखं काहीतरी काळं फासून ठेवलं होतं आणि त्याच्या आड गंज निवांत पत्रा खात बसला होता. ते सगळं गरम करून खरवडलं, तारेच्या ब्रशने घासलं. नाकात, कानात, भुवयांत काळी पूड. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, त्याला रंगाचे हात दिले. चाकं धरून ठेवणारे लोखंडी आर्म काढून साफ केले, प्रत्येकाच्या सांध्यात नवे रबरी बुश दाबून बसवले. स्प्रिंगा नव्या, शॉकअप नवे. वरून तीच थोरल्याची म्हातारी आणि खालून कोरी करकरीत. एवढं करून ती वाकडी उभी राहिली, तेव्हा तो तिला जे काही बोलला ते इथे न लिहिलेलंच बरं.

पहिला संशय त्याने स्वतःवर घेतला. त्या रबरी बुशांचं एक असतं. ज्या अवस्थेत आवळाल ती अवस्था ते कायमची धरून बसतात. गाडी लोखंडी तिवयांवर, घोड्यांवर, उचललेली, चाकं हवेत लोंबकळताहेत आणि कुणी शहाण्याने तसेच बोल्ट आवळले, की खाली उतरवल्यावर रबर पिळलेलं राहतं, गाडी तिरकी बसते आणि वळणावर एका बाजूला ओढते. म्हणून गाडी आपल्या पायांवर उभी असतानाच शेवटचं आवळायचं. हे सगळीच गॅरेजं करतात. या दोघा भावांचं मात्र त्यापुढचं एक खूळ होतं. "गाडी रिकामी थोडीच धावते?" थोरला म्हणायचा. म्हणून शेवटच्या आवळणीला ज्याची गाडी तोच ड्रायव्हरच्या सीटवर हवा. गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायचे, बसवून ठेवायचे आणि धाकटा खाली शिरायचा. गिऱ्हाईक जांभया द्यायचं, घड्याळ बघायचं, कोणी तर डुलकी काढायचं. पण बाहेर पडल्यावर गाडी अशी पळायची की तक्रारीला तोंड नसायचं.

तर धाकट्याने सगळे बोल्ट पुन्हा ढिले केले. गाडी हलवली, दाबली, वरखाली झुलवली. झुकाव जागच्या जागी. या बाजूची स्प्रिंग त्या बाजूला लावली. झुकाव तिथेच. जमीन वाकडी असेल म्हणून गाडी ढकलत दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तोंड फिरवून उभी केली. झुकाव ड्रायव्हरच्याच बाजूला. शेवटी त्याने चारही चाकांखाली लाकडी ठोकळे आणि त्यांवर वजनकाटे ठेवले आणि चष्मा डोळ्यांवर चढवून आकडे वाचले.

ड्रायव्हरच्या बाजूला एका भरल्या अंगाच्या माणसाइतकं वजन जास्त होतं.

त्याने चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. मग त्याने गाडी रिकामी केली. डिकीतली स्टेपनी काढली, जॅक काढला, पायातले गालिचे काढले, सीटखाली हात घालून बघितला. शर्टाचं एक जुनं बटण निघालं. काटे ढिम्म. भर दुपार होती, शटर सताड उघडं होतं, समोर रस्त्यावर लोक ये-जा करत होते. त्याने खिडकीतून आत पाहिलं. सीट रिकामी होती. पण सीटची गादी रिकाम्या सीटसारखी नव्हती. मधोमध दबलेली होती, आणि तो बघत असताना ती जराशी हलली, जसं बराच वेळ बसलेला माणूस बूड सरकवतो ना, तशी.

धाकटा मागे झाला आणि थेट पान्यांच्या फळीला धडकला. पाने खळकन खाली पडले.

त्याने वहिनीला बोलावून आणलं. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एकट्याने तिथे उभं राहवत नव्हतं, एवढंच खरं. वहिनी आली, तिने गाडीभोवती एक फेरी मारली, काट्यांकडे पाहिलंही नाही. खिडकीशी वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"हे बसलेत," ती म्हणाली.

"वहिनी, काहीतरीच काय!"

"भाऊजी, तुम्हीच तर मला बोलावलंत. स्प्रिंग बघायला नाही बोलावलंत." तिने पदर तोंडाला लावला, पण डोळे कोरडे होते, आणि आवाजात राग होता. "घरात दोन घटका बसले नाहीत कधी. मी जेवायला वाढून वाट बघायची. इथे बरे ठाण मांडून बसलेत."

"मला भीती वाटते," धाकटा म्हणाला. भावाची भीती वाटते हे म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तो सीट सोडणार नाही, वहिनी. पोरीला तो कधी बसू देत नव्हता. असं वजन घेऊन ती घाटात शिरली, तर गाडी कुठे ओढेल, कसं सांगू?"

"मग तिला सांगा नेऊ नकोस म्हणून."

"तुम्ही सांगा."

दोघांनीही नाही सांगितलं. भिंगरीला कोण सांगणार? शनिवारी दुपारी ती स्वतःच गॅरेजात टपकली. केस वर बांधलेले, हातात बॅगेचा पट्टा, तोंडाची टकळी सुरू. काका, झाली का? काका, खालून दाखव ना. काका, तुझं तोंड असं का पडलंय? मग तिची नजर गाडीवर गेली. बापाचीच लेक ती, गाडीचा झुकाव तिला दारातूनच दिसला.

धाकट्याला खोटं बोलता येत नसे. त्याने काटे दाखवले. स्प्रिंगा अदलाबदल केल्याचं सांगितलं. बटण दाखवलं. वहिनी काय म्हणाली तेही सांगितलं. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं.

"शेवटची आवळणी राहिलीये?" तिने विचारलं.

"राहिलीये."

"ज्याची गाडी त्याने बसायचं. असंच ना तुमचं?"

"भिंगरे, नको."

पण तिने दार उघडलंसुद्धा. क्षणभर उघड्या दारापाशी उभी राहिली, जसं बसमध्ये कोणी उठायची आपण वाट बघतो. मग हळूच म्हणाली, "बाबा, सरका ना." आणि बसली.

माणूस बसला की गाडी खाली जाते. यात शिकण्यासारखं काही नाही, शेंबड्या पोरालाही कळतं. भिंगरी बसली आणि ड्रायव्हरची बाजू वर आली. सावकाश आली, स्प्रिंगांनी एक लांब श्वास सोडला. आणि त्याच वेळी दुसरी बाजू खाली बसली. शेजारच्या सीटची गादी मधोमध दबली. गाडी ठोकळ्यांवर थोडी डुलली आणि शेजारच्याने तिच्याकडे अंग कलवून तोल सांभाळावा तशी स्थिरावली. सपाट. टपावर पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळू नये इतकी सपाट.

भिंगरी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तरीही ती हसत होती.

"दिली, काका," ती म्हणाली. "मला जागा दिली."

"दिसतंय मला."

"मग आवळ ना. असंच आवळ. मी बाबांना घेऊन जाते. तिकडे नाहीतरी माझं कोण आहे? एकटीने जाण्यापेक्षा बरं. गाडीही सरळ उभी आहे बघ, आता तर तुझीही तक्रार नको."

धाकटा पाना हातात घेऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आवळून टाकावं. पोरगी खूश, भाऊ गाडीत, वहिनीला सांगायला एक गोष्ट. आणि त्यालाही, खरं सांगायचं तर, थोरला कुठेतरी आहे हे माहीत असलेलं हवं होतं. वर्षभर तो गॅरेजात एकटाच बडबडत काम करत होता, पाना मागायला हात लांब करत होता आणि हात तसाच राहत होता. भीती वाटली ती वाटली, पण गेले काही दिवस गॅरेज रिकामं नव्हतं.

पण बोल्ट आवळायचे तर रबर ही अवस्था कायमची धरणार. दोघांच्या वजनाची. आणि घाटात, अर्ध्या उतारावर, वळणाच्या तोंडाशी थोरल्याने जागा सोडली तर? गेलेल्या माणसाचा काय नेम? गाडी एका बाजूला उचलली जाईल, ओढेल, आणि आत पोरगी एकटी.

तो शेजारच्या खिडकीपाशी गेला. दबलेल्या गादीकडे बघून बोलायला त्याला लाज वाटली, म्हणून तो दाराच्या मुठीकडे बघून बोलला.

"दादा, ऐक. भिंगरीला तू हवायस. मलाही हवायस. पण मला एकच सांग. तू तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहणार आहेस का? दर वळणाला, दर खड्ड्याला, ती म्हातारी होईस्तोवर? राहणार असशील तर मी असंच आवळतो. नसशील, तुला स्वतःला जराही शंका असेल, तर आत्ता उतर. इथे उतर. रस्त्यात नको."

"काका!" भिंगरी ओरडली. "काका, असं काय विचारतोस? बाबा, नका ऐकू त्याचं!"

गॅरेजात पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. गाडी हलली नाही. धाकट्याला वाटलं, राहतोय. आणि त्याला इतका आनंद झाला की तो गाडीखाली शिरायला वाकलाच.

मग शेजारची बाजू वर यायला लागली.

उतरायला घाई नव्हती. वजन आधी सीटच्या कडेला आलं, दाराकडची स्प्रिंग जराशी दबली, गुडघ्यांवर हात टेकून उठणाऱ्या जड माणसाने घ्यावा तेवढा वेळ गेला, आणि मग गादी फुगून भरली. काट्यावर उरली फक्त भिंगरी. पाखरासारखं वजन पोरीचं, गाडी तिच्या बाजूला जेमतेम एका रेघेइतकी खाली होती, बस्स.

भिंगरीने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि ती लहान मुलीसारखी रडली. "तू घालवलंस," ती म्हणाली. "ते येत होते. तू घालवलंस त्यांना."

"हो," धाकटा म्हणाला. "बसून राहा. उठू नकोस."

जन्मात कधी थोरल्याने त्याचं ऐकलं नव्हतं. कुठलं तेल घालायचं इथपासून डॉक्टरकडे कधी जायचं इथपर्यंत, एकदाही नाही. आज ऐकलं. ऐकायला नको होतं, असं धाकट्याला वाटलं, आणि तो पाना घेऊन लहान चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला.

उताणा पडून रडलं की पाणी गालावरून नाही जात, कानात जातं. एक बोल्ट, मग दुसरा. पुरता आवळला गेला की पाना कट्ट वाजायचा, मग पुढचा. वर भिंगरीचे हुंदके पत्र्यातून ऐकू येत होते, आणि तिच्या प्रत्येक हुंदक्याने नवं रबर किंचित हलत होतं.

शेजारच्या बाजूच्या बोल्टांकडे तो वळला तेव्हा त्याला समोरचं नीट दिसेना. उन्हाची तिरीप त्याच बाजूने गाडीखाली येत होती, आणि ती मध्येच अडली होती. कुणीतरी तिथे उकिडवं बसून, जमिनीला एक हात टेकून, खाली वाकून काम बघत असावं, तेवढाच उजेड अडला होता. धाकट्याने मान वळवली नाही. मान वळवायची हिंमतच झाली नाही. त्याने अंदाजाने पाना लावला आणि सगळा जोर लावून आवळला, कट्ट होईपर्यंत.

"हा झाला," तो म्हणाला. "आता पुढचा."

उजेड तसाच अडून राहिला. पुढचा बोल्ट झाला, त्याच्या पुढचा झाला. शेवटच्याला धाकट्याने मुद्दाम वेळ लावला. चुकीच्या मापाचा पाना घेतला, परत ठेवला, बोल्टाचे आटे पुसले, पुन्हा पुसले. वर भिंगरी आता शांत झाली होती. "काका, झालं का?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"होतंय गं," तो म्हणाला. "जरा बस अजून."

पण बोल्ट किती वेळ पुसणार? त्याने पाना लावला आणि आवळला. कट्ट. लगेच सगळं ऊन गाडीखाली आलं, थेट त्याच्या तोंडावर, आणि त्याला डोळे मिटून घ्यावे लागले.