डाव्या सीटवरचा माणूस

संघमित्राचं काम ऐकून लोक आधी हसतात आणि मग आपलं वय आठवून गप्प बसतात. म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसायचं, त्याला गाडी चालवायला लावायची, आणि गरज पडली तर शेवटी सांगायचं, की बाबा रे, आता पुरे. अमेरिकेत शॉमबर्गच्या एका रिहॅब सेंटरमध्ये ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पॅरालिसिसमधून उठलेले, डोळे मंदावलेले, विसराळू झालेले असे लोक डॉक्टर तिच्याकडे पाठवतात. सेंटरच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक आहे, आपल्याकडे मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा.

नागपूरला तिच्या आईला हे काम मुळीच पसंत नाही. म्हाताऱ्या माणसांचे तळतळाट कशाला घेतेस, असं ती दर रविवारी फोनवर सुनावते. आईचं तरी काय चुकलं? आपल्याकडे कोणाचं गाडी चालवणं सुटलं तर कोपऱ्यावर रिक्षा असते, नाहीतर शेजारचा कोणी स्कूटरवर मागे बसवून नेतो. शॉमबर्गला कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागते. तिथं लायसन्स गेलेला माणूस खिडकीत बसून राहतो, आणि हे संघमित्राला आईपेक्षा जास्त ठाऊक आहे.

तर अशा ह्या बाईकडे एके दिवशी एत्तोरे गाल्बियाती आला. नव्वदीचा इटालियन. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट, आणि अंगानं असा ताठ की वाटावं टेस्ट घ्यायला हाच आलाय. काचबिंदूनं त्याच्या उजव्या डोळ्याची कड खाल्ली होती, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला धाडलं होतं. संघमित्रा डॉक्टर नाही, हे तिनं सांगूनही तो तिला शेवटपर्यंत डॉक्टरच म्हणाला.

गाडी कधीपासून चालवता, हा प्रश्न ती सगळ्यांना विचारते. एत्तोरे हसला आणि सांगत सुटला. कोमोच्या तळ्याकाठी त्यांच्या घराण्याची रेशमाची गिरणी होती. दुसरं महायुद्ध संपलं, गिरणी पुन्हा सुरू झाली, आणि विशीतल्या ह्या पोरानं पहिली स्पोर्ट्‌स कार घेऊन शर्यतीत उडी घेतली. तेव्हा त्या शर्यती साध्या रस्त्यांवरून व्हायच्या. गावागावांतून, घाटांतून, लोक दारात खुर्च्या टाकून बघायचे. सत्तावन्न साली तसल्या शर्यती बंद झाल्या, तोवर तो पळवत होता. कंपनीचे पगारी ड्रायव्हर वेगळे, तो वेगळा. त्याच्यासारख्यांना ‘जंटलमन ड्रायव्हर’ म्हणायचे. म्हणजे गाडी स्वतःची, टायर स्वतःचे, आणि हाडं मोडली तर तीही स्वतःचीच. संध्याकाळी संघमित्राच्या नवऱ्यानं, राजीवनं, हे ऐकलं आणि म्हणाला, थोडक्यात हौसेला मोल नसलेला माणूस.

पण हौस कधीच संपली होती. आता एत्तोरेला गाडी लागत होती ती एकाच कामासाठी, आणि ते काम म्हणजे डोरोथी.

डोरोथी त्याची बायको, अमेरिकेतलीच, इलिनॉयची. इटलीत शिकायला गेली असताना एका डोंगरात तिची बस चुकली आणि ह्यानं तिला आपल्या गाडीत घेतलं. दिवसभर ती त्याच्या शेजारी बसून होती. लग्न करून तो तिच्या मागोमाग अमेरिकेत आला, मशीनचे पार्ट विकण्याचा धंदा केला, मूलबाळ झालं नाही, दोघं एकमेकांत खूश होते. आता डोरोथी एल्गिनच्या बाजूला एका केअर होममध्ये होती, आणि तिच्या डोक्यातलं सगळं हळूहळू पुसलं जात होतं. तो खोलीत शिरला की ती ‘गुड आफ्टरनून’ म्हणायची, नर्सला म्हणावं तसं. पण त्याच माणसानं तिला गाडीत शेजारी बसवलं, गाडी रस्त्याला लावली, की थोड्या वेळानं ती त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, “एत्तोरे, हळू.” मग पुढचा तासभर ती त्याची बायको असायची. भांडायची, चुलत बहिणीच्या चुगल्या करायची, मध्येच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. गाडी केअर होमच्या दारात थांबली की पुन्हा ‘गुड आफ्टरनून’.

“तिनं मला पहिल्यांदा नीट बघितलं ते बाजूच्या सीटवरून,” एत्तोरे म्हणाला. “तेवढंच तिच्याजवळ उरलंय.”

नुसतं उभ्या गाडीत बसून पाहिलंत का, असं संघमित्रानं विचारलं. पाहिलं होतं. उभ्या गाडीत डोरोथी घाबरायची, दार उघडायला धडपडायची. गाडी चालती हवी आणि डाव्या सीटवर, म्हणजे तिकडच्या ड्रायव्हरच्या जागी, तो हवा. पुढे काय येणार हे संघमित्राला दिसत होतं ना! काचबिंदूचा रिपोर्ट तिच्यासमोरच पडला होता.

तरी तिनं मनाशी ठरवलं, की ह्या माणसाला सांभाळून घ्यायचं. अगदी पूर्ण लायसन्स नाही तर नाही. दिवसाउजेडी, हायवे सोडून, घर ते केअर होम आणि आसपास, एवढी परवानगी देण्याची शिफारस तिला करता येत होती. फक्त टेस्ट नीट व्हायला हवी होती, आणि तिला तिच्या पायाशी असलेला ब्रेक दाबायला लागता कामा नये. तो दाबावा लागला की टेस्ट तिथेच बाद, असा सेंटरचा नियम.

दुसऱ्या दिवशीच्या टेस्टचा पहिला अर्धा तास तर असा गेला, की हिलाच त्याच्याकडे शिकवणी लावावीशी वाटली. वळणावर तिच्या मांडीवरचा पेनसुद्धा जागचा हलत नव्हता. एकच गोष्ट तिला खुपत होती. तो ब्रेक फार उशिरा मारायचा. लाल दिवा दिसला की आपण लांबूनच पाय ठेवतो. हा अगदी जवळ जाईपर्यंत ठेवायचाच नाही, आणि मग असा अलगद दाबायचा की गाडी बरोबर रेघेवर येऊन उभी राहायची. दोनदा तिचा पाय तिच्या ब्रेककडे गेला आणि दोनदा तिनं तो मागे घेतला. त्याच्या ते लक्षात आलं. शर्यतीत जो सगळ्यांत शेवटी ब्रेक मारतो तो पुढे जातो, ही त्या वेळची खोड आहे, असं त्यानं जरा शरमून सांगितलं.

मग ते लायब्ररीच्या रस्त्याला लागले. उजवीकडे ओळीनं गाड्या लावलेल्या होत्या. दोन गाड्यांच्या मधून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर आली. संघमित्राला ती दिसली. एत्तोरेचा पाय अजून जागेवरच होता. हिनं त्याच्या अलगद ब्रेकची वाट पाहिली, क्षणभर पाहिली, आणि मग सगळा जीव पायात आणून स्वतःचा ब्रेक दाबला. गाडी करकचून थांबली. बाईनं दोघांकडे खाऊ की गिळू असं बघितलं आणि बाबागाडी घेऊन ती पलीकडे गेली.

संघमित्रानं एत्तोरेला गाडी कडेला घ्यायला लावली. इंजिन बंद झालं. आणि आता बघा माणसाचं मन कसं असतं ते. ही बाई रोज सकाळी आंघोळ करून बुद्धाच्या फोटोपुढे त्रिसरण-पंचशील म्हणते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे त्यातलं चौथं शील लहानपणापासून तिच्या तोंडात बसलेलं. आणि तीच बाई त्या म्हाताऱ्याच्या तोंडात खोटं घालायला निघाली.

“तुम्ही ब्रेक मारणारच होतात,” ती म्हणाली. “तुमची उशिरा मारायची सवयच आहे. मी घाई केली. हो ना?”

त्यानं फक्त मान हलवायची होती. मग तिनं लिहिलं असतं, की थेरपिस्टनं खबरदारी म्हणून जरा आधी ब्रेक दाबला. कोणी विचारायला आलं नसतं. एत्तोरे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला. संघमित्रा मनातल्या मनात अक्षरशः विनवत होती, की हो म्हणा, काका, हो म्हणा.

“नाही,” तो म्हणाला. “मला ती दिसलीच नाही.”

ती काही बोलणार तोच त्यानं हात वर केला. “मी पैशासाठी कधी शर्यत केली नाही, डॉक्टर. त्यामुळे हरल्यावर कारणं सांगायची सवय लागली नाही. तुम्ही फार भल्या आहात. पण त्या बाबागाडीत मूल होतं.”

तो स्वतःच दार उघडून उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. परत येताना गाडी तिनं चालवली. सेंटर जवळ आलं तेव्हा तो रडत होता. हुंदका नाही, काही नाही. चष्मा काढून रुमालानं पुसायचा, घालायचा, पुन्हा काढायचा. संघमित्राला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं, हे माहीत असून आली.

घरी राजीव म्हणाला, यार, तू तुझं काम केलंस, उद्या कोणाचं पोर गेलं असतं तर? खरं होतं ते, पण तिला ते नेमकं तेव्हा नको होतं. ती त्याच्यावर खेकसली आणि जेवलीही नाही. मग तिनंच तोडगा काढला. रविवारी तिला सुट्टी असते. आपण गाडी चालवू, त्या दोघांना मागे बसवू, गाडी चालती राहील, नवरा शेजारी राहील. अजून काय लागतं? पेशंटला असं फिरवणं चालतं का, असं राजीवनं विचारलं. रिपोर्ट गेला, आता तो माझा पेशंट नाही, असं तिनं ठणकावलं.

फोनवर ऐकून एत्तोरे आधी नको नको म्हणाला, आणि मग एखाद्या पोराला जत्रेला नेणार म्हटल्यावर होतं तसं त्याचं झालं. त्यानं सगळा विचार करून ठेवला. डोरोथी पुढे बसली तर शेजारी तिला संघमित्रा दिसेल, म्हणून दोघांनी मागेच बसायचं. त्यात त्यानं डावीकडे बसायचं आणि डोरोथीनं उजवीकडे, म्हणजे तिला त्याचा चेहरा नेहमीच्याच बाजूनं दिसेल. तिच्या शेजारून तो दिसला की झालं, असं तो दोनदा म्हणाला. संघमित्रालाही ते पटलं. तिला ते पटायलाच हवं होतं.

रविवारी ऊन छान होतं. डोरोथी लहानखुरी, पांढऱ्याशुभ्र केसांची, निळ्या स्वेटरमधली बाई. केअर होमच्या दारात तिनं दोघांनाही गुड आफ्टरनून केलं आणि मांडीवर पर्स घेऊन मुकाट्यानं मागे बसली. एत्तोरेनं तिचा पट्टा लावला आणि आपल्या जागी जाऊन बसला, चेहरा समोर, हात गुडघ्यांवर, जणू पुढे स्टिअरिंगच आहे. गाडी निघाली. गाव मागे पडलं, मक्याची शेतं लागली. संघमित्रा आरशात बघत होती. डोरोथी स्वेटरच्या बटणाशी सारखा चाळा करत होती, तो हळूहळू थांबला. तिचे खांदे सैल झाले. ती हसली.

“एत्तोरे,” ती म्हणाली.

आरशात म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. संघमित्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जमलं, बाई, जमलं, असं ती मनात म्हणतेय तोवर एत्तोरे बायकोकडे वळला होता. “इथेच आहे मी, डोरा.”

डोरोथीनं त्याच्याकडे बघितलं. राग नाही, भीती नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्याकडे बघावं तसं. “तुम्हाला नाही हो,” ती अदबीनं म्हणाली. “मी माझ्या नवऱ्याशी बोलतेय.”

मग ती जरा पुढे सरकली आणि पुढच्या डाव्या सीटकडे, संघमित्राच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत म्हणाली, “एत्तोरे, ह्या गृहस्थांना आपल्याला कुठे सोडायचंय?”

संघमित्रा गाडी चालवत राहिली. डोरोथीनं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढला होता, आणि तिचा हात दाराकडे जायला लागला. गाडी बाजूला घ्यावी का, मागे वळून हे तुमचेच एत्तोरे म्हणून सांगावं का, तिला काही सुचेना.

एत्तोरे पुढे वाकला. त्याचा आवाज तिच्या कानाशी आला, अगदी हलका. “उत्तर द्या, डॉक्टर. ती घाबरतेय.”

“काय सांगू?”

“पुढच्या गावात उतरतील म्हणावं.”

संघमित्रानं स्टिअरिंग घट्ट धरलं. “पुढच्या गावात उतरतील ते,” ती म्हणाली.

डोरोथीला आवाजात काही वावगं वाटलं नाही. तिचा हात पर्सवर परत आला. ती निवांत मागे टेकली आणि म्हणाली, “अगदी दारापर्यंत सोड हं, एत्तोरे. म्हातारे आहेत रे बिचारे.”

एत्तोरे खिडकीकडे सरकला, तिला ऐसपैस बसता यावं म्हणून. “थँक यू, मॅडम,” तो म्हणाला.