साधे पेट्रोल पुरेसे आहे

मी स्टिकर बोलतोय. तसा मी बारा वर्षं बोलतच होतो. माझ्या अंगावर छापलंय, ‘ऑक्टेन ९१. साधे पेट्रोल पुरेसे आहे.’ एवढंच काय ते माझं भाषण. पण गाडीच्या टाकीवर जे छोटं झाकण असतं, त्याच्या आतल्या बाजूला मला चिकटवलेलं. तिथं कोण मरायला वाचायला येतंय?

कारखान्यातल्या एका बाईनं अंगठ्यानं दाबून मला तिथं बसवलं. दिवसाला पाचशे झाकणं उरकायची असत तिला, त्यामुळे मी जरा तिरका लागलो. झाकणाआड अंधार, पेट्रोलचा वास, आणि आठवड्यातून एकदा दोन मिनिटं उजेड. त्या दोन मिनिटांत मी जग पाहिलं, म्हणजे पेट्रोलपंप पाहिला. बाकीचं सगळं ऐकीव. पत्रा पातळ आहे आणि गाडीत बसलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही.

पंपावर माणसं मोठी गमतीशीर वागतात. भाव वाढला की नळी धरणाऱ्या बाईवर डोळे वटारतात. तिनंच पहाटे शिडी लावून फलकावरचे आकडे बदलले असावेत, असा आव असतो. भाव उतरला तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि फलकावर साध्याच्या खाली भारी पेट्रोलचा चढा भाव दिसला, की काहींचा जीव उगाच खालीवर होतो. जास्त पैसे घेतायत म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं त्यांना वाटतं.

माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर. गाडी घेतल्या दिवशीच तिनं मला वाचलं, ‘बरं’ म्हणाली आणि सात वर्षं मुकाट्यानं साधं पेट्रोल भरलं. आमचा काही वाद नव्हता. मग तिनं गाडी विकली आणि आम्ही मास्तरांकडे आलो.

मास्तर म्हणजे शिंपी. चौकातल्या दुकानात ते कोट शिवतात, त्यांची बायको काज-बटणं करते. माणूस लाखात एक, पण एका गोष्टीत हेकट. दोऱ्यात काटकसर करायची नाही. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, दोरा चांगलाच लागणार, कारण स्वस्त दोऱ्याची शिवण दोन धुण्यांत उसवते. पहिल्यांदा पंपावर आले तेव्हा त्यांनी दोन्ही भाव पाहिले आणि म्हणाले, “भारी टाका. हलकं नको जायला तिच्या पोटात.”

मी उघडा पडलेलो, त्यांच्या हाताच्या अंतरावर. पण मास्तर गाडीतून उतरलेच नाहीत.

आता माझं ज्ञान थोडं पाजळतो, रागवू नका. ऑक्टेनचा आकडा ताकद सांगत नाही. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं तेव्हा ते भलत्या वेळी पेटू नये, म्हणून तो आकडा. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला भारी पेट्रोल लागतं आणि ते द्यावंच. आमचं इंजिन गरीब. त्याला साधं घातलं काय आणि भारी घातलं काय, ते तेवढंच पळणार. वरचे पैसे नुसते धुरात जात होते.

आणि ते पैसे कशाचे होते, ते सांगायलाच हवं. मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण दोन तासांवर, घाट चढून गेल्यावर, वृद्धाश्रमात होती. आई लवकर गेली, म्हणून ताईनंच हिला वाढवलेलं. शाळेत जाताना हिच्या दोन वेण्या ताई घालायची. आता ताई माणसं विसरायला लागली होती. दुकान फक्त रविवारी बंद आणि रविवारी तिकडे बस नाही. म्हणून दर रविवारी गाडी काढायची, वर जायचं, ताईचे केस विंचरायचे आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. गाडी त्यांनी घेतलीच मुळी त्यासाठी.

मध्यंतरी मास्तरांच्या धाकट्या भावानं गाडी नेली आणि साधं पेट्रोल भरून परत दिली. दुसऱ्या दिवशी घाटात तिनं आचके दिले. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून सांगितलं, “प्लग गेलाय, मास्तर. जुना झाला होता.” नवा प्लग लागला, आचके थांबले. पण मास्तरांनी डोक्यात काय धरलं, तर भावानं घातलेलं साधं पेट्रोल. “प्लग काय उगाच जातो होय?” असं ते घरी जाईपर्यंत तीनदा म्हणाले. मी झाकणाआड चडफडत बसलो.

मग भाव चढायला लागले. दर रविवारची फेरी एकाआड एक रविवारवर आली, मग जमेल तेव्हा. बायको कुरकुर करायची नाही. पंपावर फक्त म्हणायची, “ताईचे केस वाढले असतील आता.” ते स्वतःचा चहा सोडायला तयार होते, पण गाडीचं पेट्रोल बदलायला नाही. बायकोनं बहिणीपर्यंत धड पोचावं म्हणूनच तर ते भारी पेट्रोल घालत होते. त्यांना काय म्हणणार तुम्ही?

एका रविवारी सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. ताईला आज सगळं आठवतंय. लहान बहिणीचं नाव घेऊन विचारतेय, ती कधी येणार म्हणून. पाच महिन्यांनी तिच्या तोंडी नाव आलं होतं. दोघं तशीच निघाली आणि पंपावर आली. महिनाअखेर होती, शिवलेले कोट दुकानात टांगलेले, न्यायला कोणी आलेलं नव्हतं. आणि भाव त्याच सकाळी पुन्हा वाढलेला.

पंपावरच्या बाईनं झाकण उघडलं. मास्तरांनी काचेतून हात बाहेर काढून पैसे दाखवले.

“एवढ्यात जाऊन-येऊन होईल?”

“भारी टाकलं तर नाही व्हायचं, मास्तर. साधं टाकते की आज. परत याल निवांत.”

मास्तरांनी पैसे पुन्हा मोजले. मी त्यांना सांगत होतो, उतरा. चार पावलं या, मान वाकवा. मला दुसरं काय येतं? मला ओरडता येत नाही. असलो तर दोन ओळी, नाहीतर काहीच नाही.

“अहो, टाकू द्या ना साधं,” बायको म्हणाली. “एक दिवस. ताईनं नाव घेतलंय माझं.”

“अगं, मला कळत नाही का ते? पण घाट आहे. मागं काय झालं विसरलीस? मधेच बंद पडली तर तुला घेऊन कुठं उभा राहू मी? ना इकडचे, ना तिकडचे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पुढच्या रविवारी टाकी फुल करतो. शब्द देतो तुला.”

ती “बरं” म्हणाली. बाईनं झाकण लावलं. गाडी वळली आणि घरी आली. रडण्याचा आवाज पत्र्यातून फार बारीक येतो, पण येतो.

पुढच्या रविवारी मास्तरांनी शब्द पाळला. टाकी फुल केली, भारी पेट्रोलनं. ताई खिडकीशी बसली होती म्हणे. हिच्याकडे बघून तिनं विचारलं, “तुम्ही कुणाला भेटायला आलात?” ही म्हणाली, “तुम्हालाच.” आणि तिचे केस विंचरून आली. हे सगळं मास्तरच परतीच्या वाटेवर पुन्हापुन्हा सांगत होते, “अगं, होतं असं, पुढच्या खेपेला ओळखेल,” असं म्हणत. पुढच्या खेपेलाही ओळखलं नाही. त्याच्या पुढच्याही.

त्यानंतर कधीतरी पंपावर थांबलो असताना ती खाली उतरली. आत गुदमरतंय म्हणाली. येरझाऱ्या घालता घालता माझ्यासमोर आली आणि चष्मा सारखा करून तिनं मला वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तिचा हात गाडीच्या पत्र्यावर टेकला, तो बराच वेळ तिथंच राहिला. पंपावरच्या बाईनंही वाचलं आणि मान खाली घातली.

“काय गं, काय लिहिलंय?” मास्तरांनी आतून विचारलं.

“काही नाही. टायरच्या हवेचं आहे काहीतरी.”

आणि नखानं एका कोपऱ्यापासून तिनं मला सोलायला सुरुवात केली. बारा वर्षांचा चिकटलेला मी, सहज कसा सुटणार? उजवा कोपरा तिथंच राहिला. बाकीचा मी तिच्या मुठीत गेलो. पंपावरच्या बाईला ती म्हणाली, “साधं टाका. आता आम्हाला कुठं घाईनं पोचायचंय?”

मास्तर काहीतरी बोलणार होते. पण तिचा चेहरा बघून त्यांनी मुकाट्यानं पैसे काढले.

सध्या माझा मुक्काम तिच्या चष्म्याच्या डबीत आहे, घडी घालून. सकाळी चष्मा काढताना ती मला पाहते, रात्री ठेवताना पाहते. डॉक्टरीणबाईंनंतर इतकं मन लावून मला कुणी वाचलं नव्हतं, आणि मला ते सहन होत नाही.

परवा दुकानात मास्तर कापड बेतत होते. कात्री थांबवून सहज म्हणाले, “काय गं, साधं घालूनही बरी चढते की गाडी घाट. एक आचका नाही दिला तिनं. म्हणजे त्या दिवशी आपण…”

“अहो, ती कात्री द्या इकडे,” ती मध्येच म्हणाली. “आणि बाहेर बघा, गिऱ्हाईक आलंय वाटतं.”

बाहेर कोणी नव्हतं. मास्तर दारापर्यंत जाऊन बघून आले.

बाई, माझं एवढं ऐका. मला चुलीत घाला, नाल्यात टाका, तुकडे करून केरात लोटा. तो माणूस एखाद दिवशी तुमचा चष्मा शोधायला ही डबी उघडेल, आणि मला गप्प बसता येत नाही.