वना पाटलांची आगटी

सांध्यातली भेग दीड इंच लांब होती. एका टोकाला तिच्यात पोस्टकार्डाची कड शिरत होती, दुसऱ्या टोकाला केसही गेला नसता. कडेचं पोलाद करडं, रवाळ झालं होतं. मी नखानं उकरलं तेव्हा त्याचा एक कण सुटून बोटावर आला. चांगल्या सांध्यातून असा कण सुटत नाही. हे पोलाद जळलं होतं.

आबांनी, माझ्या वडिलांनी, त्याच जागेवरून अंगठा फिरवला.

"बसना ना सांधा?"

"नाही आबा. भेग आहे."

"कितली?"

"दीड इंच."

भात्याजवळ बसलेल्या आईनं कपाळाचा घाम पदरानं टिपला. काल दुपारी दोनदा आणि आज सकाळी एकदा, असा हा सांधा तिसऱ्यांदा फसला होता.

आगटी वना पाटलांची होती. माघात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि आदल्या दिवशी दोनशे माणसांना वांग्याचं भरीत घालायचं होतं. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर, उघड्या खळ्यात. मागच्या साली त्यांच्या भावाकडे वाऱ्यानं निखारे उडून कडब्याची गंजी पेटली होती, म्हणून या वेळी त्यांना लोखंडी कडं हवं होतं: तीन हात रुंद, वीतभर उंच, चार पायांवर उभं. युद्धामुळे नवीन लोखंड मिळत नव्हतं. आबांनी मोडीत निघालेल्या लॉरीच्या सांगाड्याची पट्टी मिळवली होती.

पट्टीची दोन्ही टोकं भट्टीत तापवायची, त्यांवर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकायची आणि नेमक्या क्षणी एकावर एक ठेवून ठोकायची. तो क्षण रंगावरून कळतो. लाल, नारिंगी, पिवळा, मग फिकट पिवळा. म्हणूनच आमच्या पारोळ्याच्या घरामागच्या पडवीला दिवसाही गोणपाटाचा पडदा असतो. उजेडात रंग फसवतो.

आबांना रंग दिसत नव्हता. चाळीस वर्षं विस्तवात पाहून त्यांच्या दोन्ही बाहुल्यांत दुधाळ पडदा आला होता. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, धुळ्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. मोतीबिंदू म्हणजे काय आणि तो काढता येतो, हे मी त्यांना कागदावर भिंग काढून समजावलं होतं. पण त्यांचे थोरले भाऊ उखर्डू यांच्या डोळ्यात एका फिरत्या वैदूनं सुई घातली होती आणि ते पुढे अकरा वर्षं ओट्यावर आंधळे बसून होते. आबांच्या लेखी डोळ्याचा इलाज म्हणजे तो ओटा.

तेव्हा दर शनिवारी शाळा सुटली की मी मोटारीनं पारोळ्याला येत असे. आठवडाभराचे सगळे सांधे आबा मी येईपर्यंत ठेवत. मी भट्टीजवळ स्टुलावर बसून रंग सांगत असे आणि गावात कोणाला कळत नसे. असं अकरा महिने चाललं होतं. मोटारीत बसल्या बसल्या मी एक वाक्य मनात जुळवत असे आणि पारोळ्याचा किल्ला दिसू लागला की ते गिळून टाकत असे. सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना माझा हात जड असे. मुलींना वाटे, बाईंना बरं नाही.

पडदा सारून वना पाटील आत आले.

"काय आबा, मनी आगटी व्हयनी का? का तुम्ही बठ्ठा मिळीसन तिनावर शेकतच बठनात?"

"थांब रे भाऊ. पोलाद शे, वांगं नही."

पाटील हसले. मग मला पाहून म्हणाले, "इतली शिकनी पोरगी, आनि शेवट भट्टीपुढेच उनी!"

"ती पाहुणी शे," आबा म्हणाले. "घटकाभर बसस, गप्पा मारस."

आबांनी पट्टी हातात घेतली आणि जणू दिसत असल्यासारखी डोळ्यासमोर धरली. भेगेची बाजू त्यांनी नकळत पाटलांकडेच केली होती. आईनं उठून मधे उभं राहत पाटलांना पाणी दिलं.

"मजबूत करा," पाणी पिऊन पाटील म्हणाले. "मागला साल पाव्हणा काय म्हनतस, भरीत झकास, पन धूर जास्ती! भाऊना कडबा जळी राहिंथा आनि हाई लोके जेवी राहिंथात."

ते हसत गेले. आबाही हसले. त्यांच्यामागे पडदा पडला.

"आबा," मी म्हणाले, "सांधा कशानं जळतो ते मला कळलंय. मी 'आता' म्हणते तेव्हा तुम्ही पट्टी बाहेर काढत नाही. थांबता."

"ठिणगी बोलस, तवय काढानं. चाळीस वरीस तसंच करेल शे."

ते खरं होतं. बैलगाडीच्या चाकांवर चढवतात त्या जुन्या धावा घडीव लोखंडाच्या. त्या पांढऱ्या होऊन ठिणग्या फुटेपर्यंत तापवल्या तरी बिघडत नाहीत, उलट त्याच वेळी उत्तम जुळतात. दिसेनासं झाल्यापासून आबा ठिणग्यांची तडतड कानांनी ऐकत आणि माझ्या शब्दापेक्षा त्या तडतडीवर विसंबत. पण पोलाद त्याआधीच जुळतं. त्याच्या ठिणग्या ऐकू आल्या म्हणजे ते जळायला लागलेलं असतं.

मी हे सांगितलं. आबांनी मान खाली घालून ऐकलं.

"मंग मना कान काय कामना?" ते म्हणाले.

आई पुन्हा भाता ओढू लागली.

जळलेला भाग छिन्नीनं तोडून आम्ही टोकं नव्यानं तासली. कडं दोन बोटं लहान झालं. चौथ्यांदा पट्टी निखाऱ्यात गेली. मी कोळशातल्या फटीतून पाहत होते. पिवळा रंग आला, मग तो फिकट झाला, सवागी वितळून पाण्यासारखी चमकली.

"आता."

या वेळी आबांनी पट्टी काढली. कडं मोठं, एका माणसाच्या सांडशीत न मावणारं. पलीकडची बाजू आई ओल्या फडक्यानं धरून ऐरणीजवळ वाकली होती. आबांनी पहिला घाव घातला, तो बरोबर पडला. दुसराही. टोकं एकमेकांत मिसळली, मधली रेघ गेली. सांधा बसला होता. तिसऱ्या घावाला आईनं कडं थोडं फिरवलं आणि हातोडा वेगळ्याच कशावर तरी पडला.

आवाज मऊ होता.

आईनं कडं सोडलं नाही. आबांनी आणखी दोन घाव घातले, तोवर तिनं धरून ठेवलं. मग ती पाण्याच्या कुंडाशी बसली आणि तिनं डावा हात मनगटापर्यंत आत घातला.

"मधे काय वाजनं?" आबांनी विचारलं.

"ऐरण," आई म्हणाली. "हातोडा काठले लागना."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. कुंडातलं पाणी रक्तानं गढूळ होत होतं. तिच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं. त्याच हाताच्या मनगटावर भाजल्याचे दोन डाग होते, एक जुना आणि एक तसा ताजा. मी दर रविवारी याच पडवीत बसत होते आणि माझं लक्ष कधी तिकडे गेलं नव्हतं, कारण मी रंग पाहत होते.

आबांनी अंगठ्यानं सांधा चाचपला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"बसना," ते म्हणाले. "दखं, काय गुळगुळीत शे. आते चार पाय राहिनात. येता रविवारे जोडी टाकू. बेबा, शनवारले जरा लवकर येजो."

मी स्टुलावरून उठले, पडदा पूर्ण बाजूला सारला. दुपारचं ऊन भट्टीवर पडलं आणि निखारे राखेसारखे दिसू लागले. आबांनी डोळे बारीक करून माझ्या दिशेला तोंड वळवलं.

"तुमचा हातोडा आईच्या अंगठ्यावर पडला, आबा," मी म्हणाले. "उद्या सकाळच्या मोटारीनं मी धुळ्याला जाणार आहे. डोळे दाखवायला माझ्याबरोबर चला. आलात तरी, नाही आलात तरी, यापुढे मी रंग सांगणार नाही."